जाहिरात अडवता की पैसे देता? अनुभव लिहा

डोंबिवली_फास्ट
उपदेश नको, प्रत्यक्षात काय करता ते सांगा. माझ्या लॅपटॉपवर अ‍ॅडब्लॉकर (जाहिराती अडवणारं सॉफ्टवेअर) होता. २०२३ मध्ये यूट्यूबने ‘बंद करा, नाहीतर प्रीमियम (पैसे भरून बिनजाहिरातीचं यूट्यूब) घ्या’ अशी पाटी आडवी लावली. चिडत चिडतच वर्गणी भरली. ती कुणाला पोचते ते बघितलं, तर प्रीमियमवाले ज्याला जितका वेळ बघतात त्या प्रमाणात वाटणी होते. मग चिडणं जरा कमी झालं.

गिरगावची_सुगरण
मी पलीकडच्या बाजूची, माझं रेसिपीचं चॅनल आहे. १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास बघितलं गेल्याशिवाय जाहिरातींचा वाटा सुरूच होत नाही. तोवर सुरमई, गॅस, लाइट सगळं पदरचं. सुरू झाल्यावर मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीचे ५५ टक्के मिळतात. ब्लॉकर लावून बघणाऱ्याचे शून्य. तरी बघा बाई, शेवटपर्यंत बघा! (बातम्यांच्या साइटवर मीही जाहिराती अडवते. तिथे बातमी शोधावी लागते.)

मुलुंडकर
बाबांच्या फोनवर ‘तुमचा मोबाइल हॅक झालाय, इथे दाबा’ अशी जाहिरात आली आणि ते दाबणारच होते. त्याच दिवशी ब्लॉकर टाकला. २०२२ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या एफबीआयनेही लोकांना हाच सल्ला दिला होता. भामट्यांच्या जाहिराती पैसे घेऊन दाखवतात, आणि नीतिमत्ता आम्ही पाळायची?

पेपरवाला_काका
पेपरातही जाहिराती असतात. पण पान उलटलं की मागे लागत नाहीत.

कोड_आणि_कटिंग
ब्लॉकर-ब्लॉकरमध्ये फरक आहे. अ‍ॅडब्लॉक प्लस मोठ्या कंपन्यांकडून पैसे घेऊन त्यांच्या ‘सभ्य’ जाहिराती सोडतो. नाक्यावरच्या वसुलीसारखंच हे. युब्लॉक ओरिजिनचा कर्ता देणगीसुद्धा घेत नाही. मी तो वापरतो आणि आवडत्या दोन चॅनलांची मेंबरशिप घेतो. त्यातले ३० टक्के यूट्यूब कापतं, ते खुपतं.

डोंबिवली_फास्ट
सुगरणताई, मग सरळ यूपीआयचा क्यूआर का नाही लावत?

गिरगावची_सुगरण
लावलाय की. परवा एकाने ११ रुपये पाठवले, सोबत निरोप: ‘वहिनी, खिचडीत कोळंबी कमी होती.’ ठेवून घेतले.