मदत हवी आहे: जुनी एक्सपल्स मोटरसायकल घेऊ की नवी? एअर फिल्टरमधल्या लाल मातीने घोळ घातलाय

मंडळी,

दीड महिना डोक्याचा भुगा झालाय, म्हणून शेवटी इथे विचारतोय.

राहतो भोरला, नोकरी शिरवळला. रोजचं जाणं-येणं स्कूटरवर होतं, त्यामुळे ही गाडी निव्वळ हौसेची. नीरा-देवघर धरणाच्या कडेचे कच्चे रस्ते, रायरेश्वराकडची चढण, उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे सरलं की उघडा पडणारा गाळाचा पट्टा, एवढंच आपलं मैदान. निव्वळ माती-चिखलासाठी बनवलेल्या खऱ्या डर्ट बाइकचा नाद पहिल्याच आठवड्यात सोडला. कावासाकीच्या केएक्सला ना दिवा ना नंबर, पासिंगच होत नाही. ट्रॅकवर न्यायची तर टेम्पोत घालून. चिखलात लोळायला टेम्पो भाड्याने केला असं कळलं तर आमचे वडील घरात घेणार नाहीत.

म्हणजे उरली हीरोची एक्सपल्स. नवी २१० बघितली. लिक्विड कूल्ड, सहा गिअर, ऑन रोड दोन लाखांच्या घरात. दुसरी चिपळूणची जुनी, एक्सपल्स २०० फोर-व्ही, २०२२ चं मॉडेल, २१ हजार किलोमीटर, पहिलाच मालक. मागतोय एक लाख पाच हजार. सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, नव्या गाड्यांचे भाव उतरले, पण जुन्या विकणाऱ्यांना ही बातमी अजून पोचलेली दिसत नाही.

बायकोचं म्हणणं, नवीच घे, रोजची कटकट नको. माझं मन जुनीकडे ओढतंय, कारण मी पडणार आहे हे मला पक्कं माहीत आहे. उंची पाच फूट पाच. एक्सपल्स २०० ची सीट ८२५ मिलिमीटर उंच, २१० ची ८३०. सपाट डांबरीवर बसलो तरी दोन्ही बाजूंना नुसते चवडे टेकतात, मग उतारावर दगडात काय होणार ते उघड आहे. दोन लाखांची गाडी पहिल्याच रविवारी आडवी झाली तर मी आधी गाडीला हात लावीन आणि मग माझ्या गुडघ्याला. अशी जिवापाड जपलेली गाडी घेऊन शिकणार काय?

आता अडचण. गेल्या रविवारी चिपळूणला जाऊन आलो. गाडी धुऊन-पुसून नवरीसारखी उभी केलेली, इंजिन आधीच गरम. मालक म्हणाला, फक्त ऑफिसला नेली, कच्च्यावर कधी घातलीच नाही. इंजिनाखालच्या बॅश प्लेटवर ओरखडा नाही, पण बोल्ट मात्र चकचकीत नवे. प्लेटच बदललेली असावी. मग मी एअर फिल्टरचं झाकण उघडायला लावलं. आत कोपऱ्यात जांभ्याची लाल माती, हळदी-कुंकवाच्या करंड्यात साचतं तशी, बोट फिरवलं तर नखात भरली. ऑफिसच्या वाटेवर एवढी माती येते कुठून? विचारलं तर म्हणे, कोकण आहे, धूळ असतेच.

बाकी चेन-स्प्रॉकेट ठीक, पुढच्या चाकाच्या तीन तारा गंजलेल्या, पुढच्या शॉकअपच्या उजव्या नळीवर, म्हणजे फोर्कवर, तेलाचं पुसट कडं.

एकदा हात पोळलाय म्हणून जास्त भीती. सहा वर्षांपूर्वी एक सेकंडहँड गाडी घेतली, तर आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा तसाच. तो उतरवायला आठ महिने हेलपाटे घातले.

तर सांगा, ही लाल माती बघून पाठ फिरवू, की भाव पाडून घेऊ?

प्रतिसाद १

माती सापडली म्हणून गाडी वाया गेली असं नाही, माती कुठपर्यंत गेली ते बघा. फिल्टरच्या बाहेरच्या बाजूला माती असणं म्हणजे फिल्टरने त्याचं काम केलं. फिल्टर काढा आणि इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत आतून पांढरं फडकं फिरवा. फडकं लाल निघालं तर इंजिनाने माती खाल्लीय, पिस्टन-रिंगा घासलेल्या असणार. तसं असेल तर फुकट दिली तरी नको. गाडी थंड असताना पहिला स्टार्ट तुमच्यासमोर मारायला लावा, निळसर धूर येतोय का बघा. फोर्कचं कडं म्हणजे ऑइल सील गेलंय, ते बदलून मिळतं, त्याला घाबरू नका. पुढचं चाक अधांतरी करून हँडल हळू फिरवा. मधोमध अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या दांड्याचं बेअरिंग, गेला. आणि कच्च्यावर घातली म्हणून काय बिघडलं? गाडीच त्यासाठी आहे. मालक खोटं बोलला, ते मात्र मला खटकतंय.

प्रतिसाद २

कागदांचं बघा आधी. २०२२ ची गाडी म्हणजे थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा एकदम घेतलेला, तो २०२७ पर्यंत चालेल. पण स्वतःच्या नुकसानीचा विमा बहुतेकांनी पुढे भरलेला नसतो. नावावर झाल्यापासून १४ दिवसांत विमाही नावावर करायला टाका. पहिल्या मालकाचा नो-क्लेम बोनस तुम्हाला मिळणार नाही, तो हिशोबात धरू नका. बोजा आहे का ते सरकारच्या एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून टोकन द्यायच्या आधी बघा, नंतर नाही. आणि दादा, हेल्मेट, बूट, गुडघ्याचे गार्ड यांचे वीस-पंचवीस हजार आधी बाजूला काढा. मग जे उरेल ते गाडीला.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. गार्डचा हिशोब मी धरलाच नव्हता, त्यामुळे नवी गाडी तशीही बजेटबाहेर गेली. नंबर टाकून बघितलं, बोजा नाही. मालकाला फोन केला, खरं सांगा म्हटलं. जरा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, भाऊ न्यायचा परशुरामच्या मागच्या रानात. ८५ हजार बोललोय, त्याने नाही म्हटलं नाही.

रविवारी आमच्या मेस्त्रींना घेऊन जातोय. पांढरं फडकं बायकोने काढून ठेवलंय. मालकाला बजावलंय, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही, बटणालाही हात लावायचा नाही.