मुलगा शाळेत शहाणा, घरी माझ्यावर हात उगारतो. मदत हवी आहे

रेवा_ठाणे: लवकर सांगा प्लीज. शाळेत बाईंची एक तक्रार नाही. घरी मात्र दप्तर भिरकावतो, मोबाईल काढून घेतला की अंगावर धावून येतो. मी एकटी आहे. आई म्हणते लाडावून ठेवलायस, ताई म्हणते फार कडक वागतेस. कडक व्हायचं की सोडून द्यायचं? आणि 'एकट्या बाईची मुलं अशीच' हे कृपया नको.

अनघा: वय काय? एकटी कधीपासून? घरात आणखी कोण?

दत्तूकाका: मोबाईल बंद करा. आमच्याकडे दहावीपर्यंत फोन नव्हता. बापाचा धाक नसला की हे होणारच.

अनघा: काका, तिने नको म्हटलेलं तेच लिहिलंत. बाबा गेले तेव्हा मी पाचवीत होते. आईने आम्हा भावंडांवर कधी हात उचलला नाही, पण नाही म्हणाली की नाहीच.

निशिगंध: अनघाची आई म्हणजे माया आणि नियम दोन्ही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात हेच मांडलं: नुसता धाक आणि नुसती मोकळीक, दोन्हीपेक्षा हे मुलांना मानवतं. मॅव्हिस हेदरिंग्टन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेत घटस्फोटित कुटुंबं पाहिली. पहिल्या वर्षी आईची शिस्त डळमळते, मुलगे तिच्याशीच जास्त भांडतात, दोनेक वर्षांत बरंच सावरतं. म्हणून कधीपासून ते सांगाच.

सदा_सर्वदा: ताई, बालसंगोपन योजनेत एकल पालकाच्या मुलाला महिना २,२५० रुपये मिळतात. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करा.

रेवा_ठाणे: पैशांचं विचारलं नव्हतं, नोकरी आहे मला. वय नऊ. घटस्फोट गेल्या दिवाळीत. शाळेनंतर आईकडे असतो, मी सातला येते. एक शनिवार-रविवार सोडून वडिलांकडे. त्यानंतरचा सोमवार भयंकर.

अनघा: अगं, हे आधी सांगायचं ना! तीन घरं, तीन कायदे.

दत्तूकाका: म्हणजे बापानेच बिघडवलाय.

निशिगंध: कोणी बिघडवलं ते राहू दे काका. रेवा, आदळआपट केल्यावर आजी मोबाईल देतात का? देत असतील तर तो तेच शिकतोय. शाळेत नीट राहतो म्हणजे स्वतःला आवरणं त्याला जमतं. सगळं एकदम सुधारायला जाऊ नका, मोबाईलची एकच वेळ तिन्ही घरांत ठरवा. हिसकावू नका, संपायच्या दहा मिनिटं आधी सांगा. अंगावर आला तर हात धरा, आवाज न चढवता 'मारायचं नाही' एवढंच म्हणा. सातला आल्याआल्या अभ्यास काढू नका, थोडा वेळ नुसत्या त्याच्याजवळ बसा. मारणं थांबलंच नाही तर शाळेच्या समुपदेशकांना भेटा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं.

महेश_पी: कराटे लावा. एनर्जी जिरते.

रेवा_ठाणे: आई देतेच मोबाईल. 'बापाविना पोर, रडवू कशाला' म्हणते. वडिलांशी मी मेसेजवर बोलेन, पण आईला कसं सांगू? तिच्याच जिवावर नोकरी चाललीय माझी.

अनघा: तू नको, ताईला सांगायला लाव. आणि त्याच्यासमोर अजिबात नको.