मंगळावर हवा इतकी विरळ, मग वाळूच्या टेकड्या होतात कशा?

गोदाकाठचा:
नमस्कार मंडळी, मी गंगाखेडचा. उन्हाळ्यात गोदावरीचं पात्र कोरडं पडलं की संध्याकाळी पोराला घेऊन वाळूत जातो, तिथं वाळूवर कशा बारीक लाटा उठलेल्या असतात बघा, तर परवा पोरानं मोबाईलवर मंगळाचा फोटो काढला आन म्हणला, पप्पा सेम हेच. पण मंगळावरची हवा आपल्या शंभराव्या भागाएवढीबी नाही म्हणतात, मग वाळू हलवतं कोण? आपल्याकडं उपणताना वारा पडला तर भुसा बी उडत नाही.

परभणीकर:
दादा, पहिला कण उचलायला तिथं खरंच लई जोराचं वारं लागतं. पण एकदा का कण सुटला की गुरुत्वाकर्षण आपल्या ३८ टक्केच आन हवेची आडकाठी जवळपास नाही, त्यामुळं तो लांब उडी घेतो आन पडताना दुसऱ्या कणांना उडवतो. मग सुरू व्हायला लागतं त्याच्यापेक्षा लई कमी वाऱ्यातबी उड्या चालू राहतात. मंगळाभोवती फिरणारं नासाचं यान मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर २००६ पासून वरून फोटो काढतंय, जुने-नवे फोटो जुळवले तर टेकड्या सरकलेल्या दिसतात, सरासरी वर्षाला अर्धा मीटर.

भूगोलवाला_बीड:
पोराची नजर चांगली आहे, त्याला हे नक्की सांगा. नासाची मंगळावर फिरणारी गाडी, क्युरिऑसिटी रोव्हर, २०१५ च्या शेवटी बॅग्नोल्ड नावाच्या टेकड्यांपाशी गेलं, बेसाल्टची काळसर वाळू, म्हणजे आपल्या डेक्कनच्या काळ्या दगडाच्याच जातीची. तिथं दोन मापाच्या लाटा दिसल्या, एक दहाएक सेंटिमीटर अंतराच्या, वाळवंटात असतात तशा, आन दुसऱ्या दोन-तीन मीटर अंतराच्या, ज्या आपल्याकडं तसल्या बारीक वाळूत वाऱ्यानं होत नाहीत. काही संशोधकांचं म्हणणं असं की ह्या मोठ्या लाटा नदीच्या तळाशी वाहत्या पाण्यानं होतात त्या प्रकारच्या आहेत, हवा विरळ असल्यामुळं तिथं त्या वाऱ्यानं होतात. म्हणून तुमच्या पात्रातल्या लाटा वाऱ्याच्या की पाणी आटताना मागं राहिलेल्या हे बघणं मला लई महत्त्वाचं वाटतं.

निशाचर:
टायटनबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. शनीच्या ह्या चंद्रावर उलटं आहे, हवा आपल्यापेक्षा चौपट दाट, गुरुत्वाकर्षण सातवा भाग, म्हणून हलक्या वाऱ्यातही कण उठतात. शनीभोवती फिरलेल्या कॅसिनी यानाच्या रडारला विषुववृत्ताभोवती शेकडो किलोमीटर लांब, शंभर मीटरच्या आसपास उंच अशा रांगा दिसल्या आणि ती वाळू दगडाची नाहीच, हवेत तयार होऊन खाली पडलेल्या कार्बनी पदार्थांची आहे, उणे १७९ अंशात! नासाचं उडतं यान ड्रॅगनफ्लाय तिथंच उतरणार आहे.

गोदाकाठचा:
ताई हे तर माहीतच नव्हतं. आन सर, वाऱ्याच्या की पाण्याच्या हे ओळखायचं कसं?

भूगोलवाला_बीड:
सोपंय. हातभर जागा पोराला तळहातानं सपाट करायला लावा, कोरडी वाळू बघा, ओली नको. वारं जोरात सुटलं की तिथंच बसून राहा. वाऱ्याच्या असतील तर थोड्या वेळात तुमच्या डोळ्यांदेखत परत उठतील.