सल्ला हवा: मामांना जुनं गोल्फ मैदान दाखवायचंय (मडगावहून, बजेट ३० हजार)

मांडवीकाठ
नमस्कार मंडळी. मामा निवृत्त झाल्यापासून वार्क्याच्या रिसॉर्टमधल्या ९ होलच्या (होल म्हणजे चेंडू घालायचा खड्डा) मैदानावर अधूनमधून खेळतात. पण त्यांचं म्हणणं, "ही रिसॉर्टवाल्यांची हिरवळ. कुणी आखलं, कशासाठी आखलं, असं सांगता येईल असं एक मैदान मरायच्या आधी बघायचंय." दोघांचे मिळून ३० हजार, ट्रेनने, डिसेंबरात. नुसतं बघायला मिळालं तरी चालेल.

टीऑफ_फोंडा
विचार कसला करताय, कोलकाता! रॉयल कलकत्ता १८२९ चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा जगातला सर्वांत जुना क्लब. सुरुवात दमदमची, १९१० पासून टॉलीगंजला. जमीन ताटासारखी सपाट, म्हणून सगळी परीक्षा तळ्यांपाशी. मी पाहुणा म्हणून खेळलोय; किती चेंडू बुडवले ते विचारू नका. वास्कोहून अमरावती एक्सप्रेस थेट हावड्याच्या शालिमार स्टेशनला. हॉटेल मात्र चांगलं घ्या, साठेक हजार धरून चला.

मांडवीकाठ
दादा, ३० लिहिलंय.

कुळागर
गोव्याबाहेर जायचंच कशाला? मोबोरला १२ होल, राजबागला ९, शिवाय समुद्र. खाणंपिणं पण तिथंच.

डिचोलीकर
कुळागरबाब, धागा वाचा हो. इतिहास हवाय त्यांना. आपल्याकडे जुनं मैदान असणार कुठून? गोल्फ गेला इंग्रजांच्या मागोमाग. खुद्द पोर्तुगालातला पोर्तोचा क्लबसुद्धा १८९० साली वाईनच्या इंग्रज व्यापाऱ्यांनी काढला. पोर्तुगिजांनी आपल्याला दिला तो फुटबॉल.

सासष्टी_११
तोही नाही दिला! १८८३, आपल्या गोव्यातलं शिवोली, फादर विल्यम लायन्स. पोर्तुगीज नसलेला पाद्री.

डिचोलीकर
आणला कुणीही असेल, रुजवला कुणी?

सासष्टी_११
आम्ही. सासष्टीने.

हुबळी_पॅसेंजर
फुटबॉलचा वेगळा धागा काढा रे. मांडवीकाठ, उटीला जा. थंड हवा, आणि ब्रिटिशांनी निलगिरीत आणलेली गॉर्सची काटेरी झुडपं. चेंडू आत गेला की सोडून द्यायचा. एक सांगतो, जुन्या क्लबांत नुसतं गेटवर जाऊन भागत नाही. सेक्रेटरीला आधी मेल करा, कुणी सभासद ओळखीचा असेल तर उत्तम. मला एके ठिकाणी कॉलरचा शर्ट नव्हता म्हणून बाहेरच्या बाहेर कटवलं होतं.

टीऑफ_फोंडा
मी तेच म्हणणार होतो. ओळख लागते. कोलकात्याला माझी आहे.

गवळण
दिल्ली कुणीच कशी सुचवली नाही? गोवा एक्सप्रेसने निजामुद्दीनला उतरलं की दिल्ली गोल्फ क्लब जवळच. तिथल्या लोदी कोर्सच्या (मैदानाच्या) आवारात लाल बंगला आहे, मुघलकालीन मकबरे! मैदानावर मोर फिरतात. पण "कुणी आखलं" याची उत्तरं बरीच मिळतील. सत्तरच्या दशकात ऑस्ट्रेलियन गोल्फपटू पीटर थॉमसनने बदललं, २०१९ ला दक्षिण आफ्रिकेचा गोल्फपटू गॅरी प्लेअर याने पुन्हा. मामा चिकित्सक असतील तर हिरमुसतील.

कुळागर
१८ होल का असतात माहितीय? व्हिस्कीच्या बाटलीत १८ पेग.

निवृत्त_मास्तर
दंतकथा. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानावर जाऊन-येऊन २२ होल खेळत. १७६४ साली सुरुवातीचे चार आखूड वाटले म्हणून त्यांचे दोन केले. परतीलाही तेच असल्याने २२ चे १८ झाले. ते मैदान कागदावर कुणी आखलंच नव्हतं. वारा, वाळू आणि चरणारी मेंढरं यांनी घडवलं. आपल्या देशात त्याच्या जवळ जाणारं म्हणजे शिलाँग. १८९८ साली ९ होल, मग १९२४ मध्ये कॅप्टन जॅक्सन आणि सी. के. ऱ्होड्स यांनी १८ केले. दरीचे चढउतार होते तसेच ठेवलेले, कडेने पाइन. पण मडगावहून, ३० हजारांत? विसरा.

हुबळी_पॅसेंजर
+१, विसरा. उटी.

गवळण
शिलाँग म्हणजे गुवाहाटीपर्यंत रेल्वे आणि मग घाट. वयस्क माणसाला घेऊन नको.

मांडवीकाठ
सर्वांना देव बरें करूं. मामांना धागा वाचून दाखवला. कोलकाता, उटी, दिल्ली ऐकेपर्यंत मान डोलावत होते. मेंढरांपाशी आल्यावर उठून बसले. शिलाँग ठरलं. डिसेंबर रद्द, मार्चअखेर जाऊ. वरचे पैसे ते एफडी मोडून घालतायत, मामी बोलत नाहीये.

टीऑफ_फोंडा
मग विचारलं कशाला? बरं, हावड्यावरूनच जाल ना? एक रात्र थांबा, टॉलीगंजला मी फोन करून ठेवतो.