मदत हवी आहे : शुश्रूषा केंद्रात आत्याला इन्फ्लुएंझा झाला आहे, वेगळ्या खोलीत ठेवल्यापासून ती जेवत नाही

नमस्कार. माझी ८४ वर्षांची आत्या तीन वर्षांपासून पुण्यातील एका शुश्रूषा केंद्रात राहते. तिला डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे, तरी मागच्या आठवड्यापर्यंत ती स्वतःच्या हाताने जेवत होती आणि मला नावाने हाक मारत होती. आई गेल्यानंतर मला तिनेच वाढवले, त्यामुळे माझ्यासाठी ती आईच आहे.

सोमवारी रात्री केंद्रातून फोन आला की ती जेवायला तयार नाही आणि ‘शाळेला उशीर झाला’ असे म्हणत सारखी दाराकडे जाते आहे. (ती ३१ वर्षे शिक्षिका होती.) अंगात ताप नव्हता, खोकलाही अगदी किरकोळ होता, त्यामुळे डिमेन्शियाच वाढला असावा असे सर्वांना वाटले. मात्र त्याच मजल्यावरील दोघींना ताप आलेला असल्याने मंगळवारी तिचाही स्वॅब घेतला गेला आणि अहवालात इन्फ्लुएंझा ए, एच३एन२ (फ्लूचा एक प्रकार) निघाला. उतारवयात ताप न येता आधी असा गोंधळच दिसू शकतो, हे मला त्या दिवशी डॉक्टरांकडून कळले. ज्यांची माणसे अशा केंद्रांत आहेत त्यांना उपयोग होईल, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

ऑसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरचे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाले, हे चांगले झाले. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेले असल्यामुळे डॉक्टरांनी मात्रा कमी ठेवली आहे. कॅप्सूल ती गिळत नाही, म्हणून त्यांना विचारून सिस्टर ती उघडून मोरांब्याच्या पाकात कालवून देतात. रक्तातला ऑक्सिजन ९३-९४ टक्के असतो.

खरी अडचण पुढेच आहे. वेगळ्या खोलीत हलवल्यापासून तिची अवस्था फार केविलवाणी झाली आहे. मास्क लावलेली केंद्रातली मदतनीस मावशी आत आली की ती घाबरते, चमचा ढकलून देते, आणि दिवसभरात जेमतेम चार-पाच वाट्या पातळ पदार्थ पोटात जातात. काल व्हिडिओ कॉलवर ती पांघरुणाच्या काठाला साडीच्या निऱ्यांसारख्या चुण्या घालत बसली होती आणि मी बोलत होते तरी तिने वर पाहिले नाही. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आले की तिच्या कानात मशीनच नाही. खोली बदलताना ते आणि चष्मा दोन्ही जुन्या खोलीच्या कपाटात राहून गेले होते. चार दिवस तिला धड ऐकू येत नव्हते, धड दिसत नव्हते, आणि समोरच्या माणसाचा चेहराही झाकलेला होता. ती घाबरणार नाही तर काय! सिस्टरनी लगेच मशीन लावले आणि रात्री तिने अर्धी वाटी मऊ भात खाल्ला. मावश्या तेथे दोन-दोन पाळ्या करीत आहेत, त्यामुळे मी कोणाला दोष देत नाही. पण हे मला पहिल्या दिवशीच का सुचले नाही, याचे वाईट वाटते.

मी स्वतः जाऊन तिच्याजवळ बसले असते, परंतु नाशिकला माझी मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आली आहे आणि बाळ साडेतीन महिन्यांचे आहे. सहा महिन्यांच्या आतील बाळाला फ्लूची लस देता येत नाही, त्यामुळे आत्याला घरी आणणे किंवा तिला भेटून त्याच दिवशी परतणे, दोन्ही मला धोक्याचे वाटते. मग पुण्यातच आठ-दहा दिवस खोली घेऊन राहावे, मास्क लावून रोज दोन वेळा तिला भरवावे आणि नंतर मला लक्षणे नाहीत याची खात्री करूनच परतावे, असा विचार आहे. केंद्राची भेटबंदी आहे, पण ‘भरवण्यासाठी घरचे एकच माणूस’ अशी सवलत मागता येईल का? कोणाला अशी परवानगी मिळाली असल्यास अर्ज कसा केला होता, ते कृपया सांगावे.

दुसरे असे की, ऑक्सिजन ९२ च्या खाली गेला तर रुग्णालयात हलवावे लागेल, असे डॉक्टर म्हणतात. नवी जागा, सलाईन आणि अनोळखी माणसे यांमुळे तिचा गोंधळ आणखी वाढेल अशी मला भीती आहे. डिमेन्शिया असलेल्या माणसाला असे दाखल करावे लागलेल्यांनी, रात्री जवळ कोण राहिले आणि सलाईन ओढून काढू नये म्हणून काय केले, हे लिहावे. ओआरएसची चव तिला आवडत नाही. शहाळ्याचे पाणी, पेज आणि ताक यांखेरीज कमी प्रमाणात पण वारंवार काय देता येईल, हेही हवे आहे. तिच्या क्रिएटिनिनमुळे यातले काहीही डॉक्टरांना विचारूनच देईन.

फ्लूची लस तिला दरवर्षी देत होते. विषाणू बदलत असल्याने ती दरवर्षी घ्यावी लागते, हेही ठाऊक होते. यंदा बाळंतपणाच्या धावपळीत राहून गेली.

उद्या सकाळी ११ वाजता डॉक्टरांशी फोनवर बोलणे ठरले आहे. त्यांना आणखी काय विचारावे, हे अनुभवी मंडळींनी त्याआधी सुचवले तर फार आभारी राहीन.