अनुभव सांगा: स्टेशन आहे, गाव कुठंय?

दौंड-सोलापूर मार्गावर आणि जुन्या बार्शी लाईट या छोट्या रुळांच्या रेल्वेवर अशी कितीतरी स्टेशनं, जिथं फलाट लांबलचक आणि वस्ती मूठभर. तिथं राहिलेल्यांनी, नोकरी केलेल्यांनी, सोयरीक असलेल्यांनी लिहा.

पारेवाडीकडची माहेरवाशीण: उजनी धरणाच्या पाण्यात जुनी गावं गेली, तसा जुना लोहमार्गही गेला. डिकसळचा इंग्रजांच्या वेळचा रेल्वेपूल तेवढा उरला, त्यावरून मग मोटारी जायला लागल्या. रस्ते धड नव्हते तेव्हा आमचा सगळा बाजारहाट पॅसेंजरवर. मासळीवाल्या बायका पाट्या घेऊन दारातच बसायच्या. पाटीचं पाणी कुणाच्या लुगड्याला लागलं की दौंड येईस्तोवर भांडण! दुधाच्या कॅनी खिडकीच्या गजाला बाहेरून आकड्यानं अडकवलेल्या. एकेरी मार्ग, त्यामुळं क्रॉसिंगला गाडी पडून राही. तेवढ्यात आई खाली उतरून कुणाच्या तरी ओळखीनं पोरीसाठी स्थळ विचारून यायची. माझं लग्न असंच ठरलं. आता रूळ दुहेरी झाले, गाड्या विजेवर धावतात. आमच्याकडं थांबतात किती, ते विचारू नका.

निवृत्त पॉइंट्समन (स्टेशनात रूळ जुळवणारा): एकेरी मार्गावर गाडीला पुढं जायची परवानगी म्हणून द्यायचं टोकन कुणी पाहिलंय का? वेताचं मोठं कडं, त्याला कातडी पिशवी, आत लोखंडी गोळा. तो ड्रायव्हरच्या हाती पडल्याशिवाय गाडीला पुढचा रूळ मोकळा नाही. न थांबणारी गाडी असली की फलाटाच्या कडेला कडं उंच धरून उभं राहायचं. रात्री, पावसात, एका हातात कंदील. ड्रायव्हर हात घालून कडं ओढून न्यायचा, खांद्याला असा हिसका बसायचा की बायको शेक देऊन कंटाळायची.

बार्शीकर: बार्शी लाईट 1897 ची, अडीच फुटी रुळांची. 1906 ला पंढरपूर गाठलं. चालत्या गाडीतून उतरून हरभरा उपटल्याच्या गोष्टी सगळेच सांगतात, निम्म्या थापा! आषाढीला टपावर बसलेले वारकरी मात्र मी डोळ्यांनी पाहिलेत.

सोलापूरकर: अक्कलकोट रोडला परगावचे भक्त उतरतात आणि मठ कुठंय विचारतात. मठ दहा-अकरा किलोमीटरवर! जीपवाले तयारच असतात. भाडं आधी ठरवा, ही फुकटची सूचना.

केमवाला: आमच्या केमचं कुंकू घराघरांत गेलंय, पण गाव कुठं म्हणून विचारलं तर "कुर्डुवाडीच्या अलीकडं" असंच सांगावं लागतं. मोडनिंब, आष्टीकडचे कुणी आहेत का इथं? तुम्हीही लिहा की.