विषय: पाळलेले उंदीर एकमेकांना चावले, गावाकडं सल्ला हवा आहे

प्रेषक: सभासद (मूळ गाव दारव्हा तालुका)

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या तयारीच्या धामधुमीत वेगळाच विषय काढतोय, पण काम तातडीचं आहे. माझी पुतणी यवतमाळ जिल्ह्यात आमच्या गावी असते, आठवीत आहे. नागपुराहून आणलेले दोन पांढरे उंदीर तिनं पाळलेत. दोघंही नर, एकाच वेताचे, सात-आठ महिन्यांचे. नावं ढवळ्या आणि पवळ्या. काल रात्री दोघांची जुंपली. सकाळी तिचा व्हॉइस मेसेज आला, "काका, पवळ्यानं ढवळ्याले चावलं, लय रगत निघालं."

फोटोत ढवळ्याच्या मागच्या पुठ्ठ्यावर दोन बारीक भोकं दिसतात. शेपटीच्या बुडाशी खरचटलंय, डोळ्यांभोवतीही लाल आहे. आमच्या आईनं हळद भरली. ढोरांचे डॉक्टर म्हणाले, बैल-शेळ्या रोज बघतो, पण उंदराला कधी हात लावला नाही. घरातल्या बाकीच्यांचं म्हणणं, उंदीरच तो, सोडून द्या शेतात. पोरगी जेवली नाही. मंडळात कुणाला याची माहिती आहे का?

---

प्रेषक: सभासद (मूळ गाव हिंगणघाट)

दादा, आधी पुतणीला जेवायला सांगा. फोटोवरून तरी जखम जिवावरची वाटत नाही. मी इथं लहान प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते, घरीही उंदीर आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

डोळ्यांभोवतीचं लाल म्हणजे रक्त नव्हे. उंदराच्या डोळ्यामागं एक ग्रंथी असते, तिच्यातून पॉर्फिरिन नावाचं लाल द्रव्य पाझरतं. तो घाबरला असेल किंवा दुखत असेल तर जास्तच. ओल्या कापसानं पुसलं की झालं. खरं रक्त मात्र हलक्यात घेऊ नका. ४०० ग्रॅमच्या उंदराच्या अंगात सगळं मिळून २५ मिलिलिटरच्या आसपास रक्त असतं, म्हणजे अर्धा छोटा चमचा रक्त गेलं तरी त्याच्या दृष्टीनं ते पुष्कळ. पुन्हा वाहू लागलं तर स्वच्छ सुती कापडाची घडी पाच मिनिटं दाबून धरायची, मधेच उचलून बघायचं नाही.

हळद धुऊन काढा. काकूंची माया कळते, पण पूड भोकात गोळा होऊन बसते आणि खाली घाण कोंडते. अर्धा लिटर पाणी उकळून गार करायचं, त्यात साडेचार ग्रॅम, म्हणजे एक सपाट छोटा चमचा मीठ. सुई काढलेल्या सिरिंजनं ते पाणी हळूहळू जखमेवर सोडायचं. त्यानंतर बिटाडीन, तेही पाणी घालून फिक्या चहाच्या रंगाचं केलेलं. डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड नको, नवी येणारी कातडी त्यानं भाजते. मलम लावलं की तो चाटणारच, त्यामुळं घरातलं कुठलंही मलम चालणार नाही. आणि माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या तर अजिबात देऊ नका. उंदराला मेलॉक्सिकॅम चालतं, पण ते डॉक्टरांनी वजन बघून द्यायचं.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते सांगते. उंदराचा दात बारीक आणि लांब. वर टाचणीएवढं भोक, पण आत खोलवर जंतू गेलेले असतात. वरची कातडी झपाट्यानं मिटते, घरच्यांना वाटतं बरा झाला, आणि तीन-चार दिवसांनी, कधी आठवड्यानं, तिथं गळू धरतं. म्हणून आजपासून रोज सकाळ-संध्याकाळ तपासायचं. ढवळ्याला टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घ्यायचं, शेपटीनं उचलायचं नाही. जखमेभोवतीचे केस कोमट पाण्यानं ओले करून बाजूला सारायचे आणि भोकाच्या कडेनं बोटाचं टोक गोल फिरवायचं. ती जागा बाकीच्या अंगापेक्षा गरम लागली, कातडीखाली वाटाण्याएवढं काही हाताला लागलं, किंवा तिथं बोट गेल्यावर तो किंचाळला, तर गळू धरतंय असं समजा. कोमट पाण्यात पिळलेल्या कापडानं दहा मिनिटं शेकायचं, दिवसातून तीनदा. पिळायचं मात्र नाही, आतल्या आत फुटलं तर पू कातडीखाली पसरतो. आपोआप फुटलं तर घट्ट पिवळसर पू येईल. मिठाच्या पाण्यानं, स्वच्छ पाणी बाहेर येईपर्यंत धुवा. तोंड लगेच मिटू देऊ नका, जखम तळापासून भरत यायला हवी.

तोवर त्याला वेगळ्या पिंजऱ्यात ठेवा. खाली भुसा नको, जुनं सुती कापड घाला आणि रोज बदला. पिंजरा पवळ्याच्या शेजारीच, पण जाळीतून पंजा पोचणार नाही इतका लांब. उंदीर एकटा पडला की खंगतो, एकमेकांचा वास यायला हवा. खायला बिनमिठाचा वरणभात, उकडलेल्या अंड्याचा तुकडा. किराणा दुकानातल्या काट्यावर रोज वजन करा. दहावा हिस्सा कमी झाला, दिवसभर खाल्लं नाही किंवा तोंडानं श्वास घेऊ लागला, तर वाट बघत थांबू नका, डॉक्टरांकडं न्या.

पवळ्याला कुणी मारू नका, शेतातही सोडू नका. पिंजऱ्यात वाढलेला उंदीर बाहेर एक रात्र काढणं कठीण. पाच ते दहा महिन्यांच्या वयात नराच्या अंगात हार्मोन उसळतात. केस पिंजारून, पाठीची कमान करून, आडवा आडवा चालत तो दुसऱ्याच्या अंगावर जातो. हे दिसलं की मधे पुठ्ठा घालायचा, हात घालायचा नाही. कुणाला चावला तर साबणानं नीट धुऊन डॉक्टरांना दाखवा, आणि पुढच्या काही दिवसांत ताप, पुरळ किंवा सांधेदुखी झाली तर उंदीर चावल्याचं आवर्जून सांगा.

---

प्रेषक: सभासद (मूळ गाव मूर्तिजापूर)

ताईंनी सगळं लिहिलंच आहे. मी सध्या गावीच आहे, म्हणून इथल्या हवेपुरतं लिहितो. भादव्याच्या तोंडावर घरोघरी माश्या आहेत. उघड्या जखमेवर माशी बसली की एका दिवसात अळ्या पडतात. पिंजऱ्यावर मच्छरदाणी घालाच.

दुसरं म्हणजे, पावसानं शेतातले उंदीर घरात शिरतात. ते पिंजऱ्याशी आले की आतले बिथरतात आणि आपसांत भांडतात. शिवाय त्यांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस येतो, अंगावरच्या चिगर किड्यांतून स्क्रब टायफस. २०१८ साली नागपूरकडं स्क्रब टायफसची मोठी साथ आली होती. पिंजरा जमिनीवर ठेवू नका.

तिसरं, घरात उंदीर मारायचं औषध ठेवलंय का, ते आधी विचारा. ब्रोमाडिओलोनच्या वड्यांनी रक्त गोठेनासं होतं. लहानशी जखमही वाहत राहिली तर डॉक्टरांना हे सांगायलाच हवं, त्यावर व्हिटॅमिन के१ हा उतारा आहे.

मोठा दवाखाना म्हणाल तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९५८ पासूनचं, आणि अकोल्याला पदव्युत्तर संस्था. शासनाचा १९६२ हा टोल फ्री नंबरही आहे. निघण्याआधी फोन करून उंदीर बघतात का ते विचारा.

---

प्रेषक: सभासद (मूळ गाव दारव्हा तालुका)

मंडळी, ताई म्हणाल्या तसंच झालं. वरची कातडी छान मिटली होती, पण चौथ्या दिवशी पुतणीच्या बोटाला गाठ लागली. तिनं ताईंची मेल ढोरांच्या डॉक्टरांना वाचून दाखवली. ते स्वतः घरी आले. ढवळ्या काट्यावर ३९० ग्रॅम भरला. गळू उघडून त्यांनी धुतलं. एन्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकची बाटली त्यांच्याकडं जनावरांच्या मापाची, म्हणून वजनाचा हिशेब मांडून, पातळ करून, थेंबांत दिलं. आता तो वरणभात खातो, आणि भात आईच कालवते.

उंदीर मारायचं औषध माळ्यावर निघालं, ते बाहेर काढलं. पवळ्याची नसबंदी करायला नागपूरचे एक डॉक्टर तयार आहेत. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचं ना?

---

प्रेषक: सभासद (मूळ गाव हिंगणघाट)

नाही दादा, उपाशी ठेवू नका. उंदराला उलटी होतच नाही, त्यामुळं भुलीत उलटी होण्याचा धोका नाही. उलट उपाशी राहिला तर साखर उतरते. डॉक्टरांशीही हे बोलून घ्या. एसटीत पाण्याची बाटली गळते, त्यापेक्षा डब्यात काकडीचे काप ठेवा. ऑपरेशननंतर हार्मोन उतरायला काही आठवडे लागतात, तोवर दोघांना एकत्र करू नका. मग पहिली भेट पिंजऱ्यात नको, दोघांनाही अनोळखी अशा जागी, पलंगावर चादर टाकून, पुतणी समोर बसलेली असताना. आणि पिंजरा त्याआधी व्हिनेगरच्या पाण्यानं धुऊन घ्या, जुना वास जायला हवा.